सात जणांचे डोळे

मंगळवार, १७ नोव्हेंबर १९५३. संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, शीळफाटा ओलांडून कल्याणकडे परतणारी एक रिकामी लॉरी खिडकाळीजवळ पेंढ्याने भरलेल्या बैलगाडीवर मागून आदळली. डावा बैल जागीच मेला. गाडीवानाच्या मांडीचं हाड मोडलं. लॉरीचा ड्रायव्हर परशुराम म्हात्रे, वय बेचाळीस, राहणार निळजे, याला खरचटलंसुद्धा नव्हतं. तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून राहिला आणि जमादार आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मना गाडी दिसलीच नाय."

गाडीच्या मागे कंदील टांगलेला होता. तो पेटलेला होता आणि आदळल्यावरही विझला नव्हता, असं पंचनाम्यात पाच जणांनी सांगितलं.

परशुरामने लायसन्स जुलैतच नवं करून घेतलं होतं. त्या अर्जाला जोडलेला डॉक्टरचा दाखला जमादाराने सकाळी कचेरीतून मागवला. दोन्ही डोळ्यांची दृष्टी उत्तम, लाल-हिरवा रंग ओळखतो, रातांधळेपणा नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. खाली ठाण्याच्या डॉ. हरिहर टिपणिसांची सही आणि तपासलेल्या माणसाचा अंगठा. इतके चांगले डोळे असलेल्या माणसाला पेटता कंदील दिसत नाही, म्हणजे तो प्यायलेला असणार, एवढा विचार जमादाराला पुरला. दारूबंदीचे दिवस होते. भरधाव गाडी हाकल्याच्या कलमाबरोबर नशेचंही कलम लागलं.

कल्याणच्या लॉरी अड्ड्यावर ही हकीकत बुधवारी दहाच्या सुमारास पोचली. अड्ड्याच्या ऑफिसात प्रभाकर वैद्य नावाचा कारकून होता. डोंबिवलीचा, शिकलेला, सगळ्यांचे अर्ज भरून देणारा. ड्रायव्हर त्याला भाऊसाहेब म्हणत. टेलिफोन खाली ठेवून तो म्हणाला, "दाखला अगदी स्वच्छ आहे त्याचा. तोच आता त्याच्या मुळावर आलाय. डोळ्यांत दोष असता तर निदान प्यायल्याचा आळ आला नसता."

समोरच्या बाकावर अड्ड्यावरचाच एक ड्रायव्हर, राघो भोईर, चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली. दाखल्यावरचा अंगठा परशुरामचा नव्हता. तो राघोचा होता.

त्यात राघोला कधी लबाडी वाटली नव्हती. पगारी ड्रायव्हरला दर वर्षी लायसन्स नवं करून घ्यावं लागे आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागे. डॉक्टरची फी पाच रुपये, वर एका दिवसाचा खाडा. पास झाला तरी पाच आणि नापास झाला तरी पाचच. नापास झाला तर चष्मा, मग पुन्हा तपासणी, पुन्हा फी. पन्नास साली अड्ड्यावरचा एक जण डोळे आलेले असताना तपासणीला गेला आणि एका दाखल्यापायी तीनदा फी भरून आला. तेव्हापासून अड्ड्यावर ठरून गेलं की फी फुकट जाता कामा नये. हमखास पास होणारा माणूस पाठवायचा.

हमखास पास होणारा माणूस राघो होता. मानपाड्याचा, वय चौतीस, बापासोबत मिठागरात वाढलेला. खाडीच्या वळणावर होडी दिसली की ती कोणाची हे तो बांधावरून सांगे. डॉक्टरकडे जायचं, पंचवीस यार्डांवर उभ्या मोटारीचा नंबर वाचायचा, लोकरीच्या गुंड्यांतून लाल आणि हिरवी उचलून द्यायची, नाव विचारलं की ज्याचा दाखला त्याचं नाव सांगायचं आणि अंगठा उठवायचा. फोटो लायसन्सच्या पुस्तकात असे, दाखल्यावर नसे. या मेहनतीचे राघो चहा आणि भजी घेई. एकाच डॉक्टरला दोनदा तोंड दिसू नये म्हणून कधी कल्याण, कधी भिवंडी, कधी ठाणे, कधी कुर्ला. अशा रीतीने त्या वर्षात तो सात जणांच्या नावाने तपासून आला होता.

त्या सातांचे डोळे खराब होते म्हणून तो गेला, असंही नव्हतं. त्यांचे डोळे कसे आहेत हे कोणी पाहिलंच नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही.

दुपारी राघो ठाण्याला गेला. परशुरामला कोर्टापुढे उभं करून शनिवारपर्यंत कोठडीत ठेवलं होतं. पहाऱ्यावरचा शिपाई निळज्याचाच निघाला, म्हणून दोन मिनिटं बोलायला मिळालं.

"प्यायलावतास?" राघोने विचारलं.

"तू पन तेच विचार."

"मग कंदील कसा नाय दिसला?"

परशुराम गजांना धरून खाली बसला. "दिवे लागायच्या टायमाला मना सगला धुरकट दिसतं. म्हनून मी हलू चालवतंय. सगलेच हलू चालवतान ना?"

"कवापासून?"

"दोन सालं झाली असतील." मग त्याने मान वर केली. "म्हंजी तुला दिसतं?"

शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं.

कोठडीबाहेर पायरीवर उभं राहून राघोने बोटांवर मोजलं. परशुराम वगळून सहा उरत होते. सहाही जण आज रस्त्यावर असणार. जमादाराला आत्ताच्या आत्ता सांगितलं तर परशुरामवरचं नशेचं कलम उतरेल. पण दाखला खोटा म्हटल्यावर लायसन्स खोटं, त्या सहांचंही, आणि राघोचं तर जाणारच. सातही दाखल्यांवर एकच अंगठा आहे हे कळायला फार हुशारी लागणार नव्हती. दहा मिनिटं तो पायरीवर उभा होता. मग कल्याणकडे जाणारी लॉरी दिसली तसा तो मागे चढून बसला. खिडकाळीजवळ रस्त्यावर अजून पेंढा पसरलेला होता. मेलेला बैल कोणीतरी उचलून नेला होता.

डोळे पाहायचे तर संध्याकाळीच, दिवस मावळून काळोख पडेपर्यंतच्या अर्ध्या तासात. भर दिवसा सगळ्यांनाच दिसतं आणि पुऱ्या रात्री कोणालाच फारसं दिसत नाही. राघोने बुधवारी संध्याकाळी दोघांना गाठलं. अड्ड्यामागच्या मोकळ्या जागेत नेलं आणि रेल्वेच्या रुळांवर उभ्या असलेल्या मालडब्यांकडे बोट केलं.

"तिसऱ्या डब्याचा नंबर सांग."

"कशाला? तुला इकत घ्यायचाय?"

"सांग रे."

पहिल्याने नंबर बरोबर सांगितला. दुसऱ्याने तर डब्याच्या टपावर बसलेली घारसुद्धा दाखवली आणि म्हणाला, "तू कवापासून डाक्टर झालास? आनी फी किती घेतोस? का भजी आमीच घालायची आता?" दोघे हसत निघून गेले. राघोही हसला, पण घरी जाताना त्याच्या मनात पुढच्या चौघांचीच नावं होती.

रात्री जेवताना बायजाने, त्याच्या बायकोने, दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा ताट पुढ्यातून ओढून घेतलं. तेव्हा त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "सात जनांचे डोले झालात. घरात तांदूल संपलाय ता काय तुमाला दिसला नाय."

"मी बोललो तर आपली गाडी बी बंद."

"मिठागर कुठं पलून गेलं नाय." तिने ताट परत त्याच्याकडे सरकवलं. "परशुरामची आवडाबाई आज दुपारी आलीवती. तिचा घरवाला दारुड्या नाय, एवढंच सांगत बसलीवती. मी चहा दिला. तवा मना कुठं माहीत व्हतं?"

गुरुवारी राघोने पुन्हा खाडा केला. सकाळी चौकशी केली तेव्हा उरलेल्या चौघांपैकी एक जण तापाने पडून होता. आठवडाभर तरी गाडीवर येणार नव्हता. त्याची काळजी तूर्त नव्हती. दुसऱ्याला संध्याकाळी पावणेसहाला मालडबे दाखवले. त्याने नंबर वाचला, वर राघोला चार शिव्या दिल्या. तिसरा काळुराम होता. वय पंचावन्न, अड्ड्यावरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, ज्याच्या हाताखाली राघो गाडी शिकला. त्याला मालडबे दाखवायची राघोला लाज वाटली. त्याने त्याला दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूला खाडीवर नेलं, विडी दिली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "कालूदादा, होड्या किती रं लागल्यात पल्याड?"

काळुरामने विडीचा झुरका घेतला. खाडीकडे बघितलं. "तीन."

पलीकडे एकही होडी नव्हती. ओहोटी लागली होती आणि नुसता चिखल दिसत होता.

राघो काही बोलला नाही. काळुरामला मात्र ते न बोलणं समजलं. "चार हायेत का?" त्याने विचारलं, आणि थोड्या वेळाने, "दोन?"

"दादा, उद्यापासनं दिवस मावलायच्या आत गाडी लावायची."

"मालक लावू देल?"

"नाय देल तर सोड."

"सोडून काय करू? मीठ उचलू, या वयात?" काळुरामचा आवाज चढला नव्हता. "तपासनीला जातंय मी, असं मी म्हनलोवतो. तूच म्हनलास, दादा, उगा फी कशाला घालवतोस, मी हाय ना. म्हनलास का नाय? दाखल्यावर माजा नाव हाय, पन डोला तुजा हाय. आता काय करायचं ता तू ठरव. मना विचारू नको."

तो उठला आणि रस्त्याकडे निघाला. चढणीवर दगडाला ठेचकाळला, सावरला, आणि राघोने धरायला पुढे केलेला हात त्याने झटकला.

आता एकच राहिला, महिपत. वय अठ्ठावीस. त्याच्याबद्दल राघोला एवढंच ठाऊक होतं की तो भरधाव जातो.

शुक्रवारी सकाळी महिपतला गाठायच्या आधीच राघो ठाण्याला गेला, कारण रात्रभर त्याच्या डोक्यात दुसराच विचार चालला होता. या आजारावर औषध असेल, तर औषध घेऊन काळुराम बरा होईल, खरोखर तपासून घेईल, आणि मग कोणाला काही सांगायची वेळच येणार नाही. परशुरामचं काय, हा विचार तिथवर आला की तो कूस बदले. विचारायचं कोणाला, तर डोळ्यांतलं कळणारा डॉक्टर त्याला एकच चांगला वाटला होता. जुलैत त्याच डॉक्टरकडे आपण परशुराम म्हणून गेलो होतो, हे त्याला दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर आठवलं. तोवर आतून हाक आली होती.

मासुंदा तलावाच्या काठी डॉ. टिपणिसांची खोली होती. डॉक्टर साठीकडे झुकलेले, नाकावर चष्मा, हात सतत धूत असलेले.

"काय होतंय?"

"मना नाय. आमच्यात एकाला संध्याकालचं दिसत नाय. त्यावर दवा हाय का?"

"असतं कधीकधी. माशाच्या लिव्हरचं तेल देऊन बघतात, पालेभाजी खायला सांगतात. लवकर लक्षात आलं तर सुधारतं. वय झालं असेल आणि जुनं असेल, तर सांगता येत नाही. माणूस बघावा लागेल." डॉक्टरांनी टॉवेल खुंटीला लावला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू येऊन गेलायस इथे. ड्रायव्हर ना तू? चेहरा विसरत नाही मी. त्या खिडकीतून गल्लीच्या टोकाच्या मोटारीचा नंबर वाचला होतास. पंचवीस यार्ड सांगितले होते, तू पन्नासावरचा वाचलास." ते आठवत राहिले. "परशुराम. परशुराम म्हात्रे."

राघो उभा राहिला.

डॉक्टरांचाही हात टेबलावरच्या एका कागदावर थांबला. तो पोलिसांचा कागद होता. शनिवारी अकरा वाजता कोर्टात येऊन दाखल्याबद्दल सांगावं, असं त्यात होतं. परशुराम म्हात्रे नावाचा आरोपी तीन दिवस कोठडीत आहे, हेही होतं.

बाहेर कंपाउंडर कोणालातरी बाटली धुऊन आणायला सांगत होता.

"लायसन्सचं पुस्तक मी त्या दिवशी मागायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "रांग होती. कोणीच मागत नाही."

"डाक्टरसाहेब, उद्या तुमी काय सांगनार?"

"मी ज्याला तपासलं त्याचे डोळे उत्तम होते, हे सांगेन. ते खरंच आहे."

"पन त्यो मानूस..."

"माणूस कोण, हे मला विचारलं तर बघू. अजून तरी विचारलेलं नाही." त्यांनी पुन्हा नळ सोडला. "तुझं नाव मला सांगू नकोस. मी विचारलेलं नाही. फी नको, जा."

राघो बाहेर आला तेव्हा साडेदहा झाले होते. त्याने तलावाला एक फेरी घातली. कोठडीच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. तलावाला दुसरी फेरी घातली. डॉक्टर उद्या खरं बोलणार होते आणि त्या खऱ्यानेच परशुराम अडकणार होता. फेरी पुरी झाली तसा तो पुन्हा कोठडीच्या दारापाशी होता. आवडाबाई डबा घेऊन तिथे बसलेली दिसली आणि तो तिला टाळून मागच्या गल्लीने निघाला. दुपारी त्याने काही खाल्लं नाही.

साडेतीनला त्याने एका वखारीतून कल्याणला टेलिफोन लावला.

"भाऊसाहेब, महिपत कुठं हाय?"

"अरे, तू कुठे आहेस? तीन दिवस खाडे. मालक मला विचारतात, राघोला काय लॉटरी लागली का."

"महिपत, भाऊसाहेब."

"सकाळी वसईकडे गेला विटा घेऊन. घोडबंदरच्या रस्त्याने परत येईल. रिकामी गाडी, म्हणजे उडवत येईल. साडेसहापर्यंत ठाण्यात असेल. का रे?"

"तिकडं फोन लागंल?"

"त्या जंगलात कुठला फोन?"

घोडबंदरचा रस्ता राघोला तोंडपाठ होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये झाडी. डोंगरामुळे तिथे काळोख लवकर पडे. त्या वेळेला लाकूडतोड्यांच्या बायका मोळ्या घेऊन ठाण्याकडे यायच्या, एकामागून एक, रस्त्याच्या कडेने. त्यांच्याकडे कंदीलही नसे.

पावणेपाचला तो जमादारापुढे जाऊन उभा राहिला. जमादार भला माणूस होता, पण सावकाश लिहिणारा. नाव, बापाचं नाव, वय, गाव, धंदा. मग हकीकत. राघो सांगत होता, जमादार प्रत्येक वाक्य परत वाचून दाखवत होता. परशुरामच्या दाखल्यावरचा अंगठा आपला, हे सांगून झालं तेव्हा साडेपाच झाले होते.

जमादाराने टाक खाली ठेवला. "म्हणजे तो प्यायलेला नव्हता, असं तुझं म्हणणं."

"नाय. त्याला अंधार पडला का दिसत नाय. आत बसलाय, तपासून घ्या."

"घेऊ. पण तुझं काय होईल ते कळतंय ना?"

"कलतंय."

"बरं. असं फक्त याच्यासाठीच केलंस, की आणखी कोणासाठी?"

राघोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. कोठडीच्या बाजूने परशुरामचा खोकला ऐकू येत होता. एवढ्यावर थांबलं तर परशुराम सुटत होता. काळुरामचं नाव कुठेच येत नव्हतं. ज्या तिघांना त्याने पारखलं त्यांचे डोळे चांगले होते, त्यांना हात लावायचं कारणच नव्हतं. "याच्यासाठीच," असं एकदा म्हटलं की झालं.

"साहेब," तो म्हणाला, "माजिवड्याच्या नाक्यावर मानूस धाडा. घोडबंदरकडनं आमची एक लॉरी येतेय. ती नाक्यावर थांबवायला पायजे. जमलं तर त्याच्या बी पुढं जाऊन."

"का?"

"ड्रायव्हरला दिसतं का नाय, मना माहीत नाय."

"त्याचा दाखला असेल ना?"

"हाय."

जमादाराने टाक उचलला, दौतीत बुडवला, आणि नवा कागद ओढला. "नावं सांग."

राघोने जमादाराला हवी तशी, दाखल्यांच्या क्रमाने, बापाचं नाव आणि गाव जोडून नावं सांगितली. दुसरं नाव लिहून झाल्यावर जमादाराने "हळू," म्हटलं. काळुरामचं नाव पाचवं आलं. महिपतचं सहावं. लॉरी त्याचीच, हे ऐकल्यावर जमादाराने शिपायाला हाक मारली आणि सायकलवरून माजिवड्याला जायला सांगितलं. तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

जबानी पुरी झाली, पण वाचून दाखवायची आणि अंगठा घ्यायचा राहिला, कारण दिवाबत्तीच्या वेळी दुसरं एक प्रकरण आलं. राघो बाकावर बसून होता. दर काही मिनिटांनी तो उठून दारापर्यंत जाई. पहिल्या दोन वेळा शिपायाने त्याला परत बसवलं, मग सोडून दिलं. पावणेसातला आवडाबाई रिकामा डबा घेऊन त्याच्यासमोरून गेली. तिने त्याला ओळखलं.

सात वाजून वीस मिनिटांनी सायकलवरचा शिपाई परत आला. घोडबंदरकडून तोवर तीन लॉऱ्या आल्या होत्या, तिन्ही दुसऱ्यांच्या. मोळीवाल्या बायकांना त्याने विचारलं होतं. वाटेत एक गाडी दिवे न लावता उभी असलेली आपण पाहिली, असं एक जण म्हणाली होती. कोणाची, कुठे, हे तिला सांगता आलं नव्हतं. जमादाराने त्याला परत नाक्यावर धाडलं.

खिडकाळीच्या गाडीवानाचा पाय राहणार की जाणार, याबद्दल दवाखान्यातून काही कळलेलं नव्हतं. सात वाजून चाळीस मिनिटांपर्यंत महिपतची लॉरी माजिवड्याला पोचलेली नव्हती.